ऑपरेशनमधे पेशंट थंड पडू नये म्हणून काय काय करायचं: ओटीत नवीन आलेल्यांसाठी

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत बरंच काही शिकवतात, हात कसे धुवायचे, कुठल्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, सक्शन कुठे जोडायचं, पण पेशंटला गरम कसं ठेवायचं हे कोणी नीट बसून सांगत नाही. "अरे तो ब्लोअर लाव" (ब्लोअर म्हणजे पेशंटवर गरम हवा सोडायचं मशीन) एवढंच कानावर पडतं, आणि तेही बहुतेक वेळा मॉनिटरवर टेंपरेचर पस्तीस दिसायला लागल्यावर. म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून हे सगळं एकत्र लिहून काढतेय, टेक्निशियन, नर्सिंगवाले, भूलशास्त्राचे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, सगळ्यांना उपयोगी पडेल असं. औषधांचे डोस यात नाहीत, ते भूलतज्ज्ञ ठरवतात, आपण गरम ठेवायच्या कामाचंच बोलू.

आधी हे समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं

जागा माणूस थंडीत गेला की त्याचं शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि गरमी आत राखून ठेवतं. त्यामुळे छाती, पोट, डोकं हा आतला भाग ३७ अंशाच्या आसपास राहतो आणि हातपाय त्यापेक्षा २ ते ४ अंश गार असतात. भूल दिली की या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतलं गरम रक्त गार हातापायात पसरतं, आणि आतलं टेंपरेचर धाडकन खाली येतं. लक्षात घ्या, ही गरमी अजून शरीराच्या बाहेर गेलेलीच नाही, फक्त आतल्या आत जागा बदलली. पहिल्या तासात जो १ ते दीड अंश जातो तो मुख्यतः असा जातो, आणि म्हणूनच त्या तासात तुम्ही वरून कितीही ब्लँकेटं टाकली तरी घसरण पूर्ण थांबत नाही.

त्यानंतर पुढचे दोन-तीन तास हळूहळू घसरण चालू राहते, ती मात्र खरोखर बाहेर जाणारी गरमी. सगळ्यात जास्त उघड्या अंगातून प्रारणाने, म्हणजे उष्णतेच्या किरणांनी जाते, मग एसीच्या वाऱ्याने, थोडी गार टेबलाला टेकलेल्या पाठीतून, आणि ओल्या त्वचेवरून, उघड्या पोटातून बाष्पीभवनाने. मग कधीतरी ३ ते ५ तासांनी शरीर परत रक्तवाहिन्या आवळतं आणि आकडा एका जागी थांबतो.

शरीर इतका उशीर का लावतं? जागेपणी ०.२ ते ०.४ अंशाचा फरक पडला तरी शरीर प्रतिकार सुरू करतं, भुलेखाली २ ते ४ अंश घसरेपर्यंत ते गप्प बसतं. म्हणजे पेशंटचा थर्मोस्टॅट तुम्ही बंद केलाय, आता त्याचं काम तुमच्याकडे.

यातून एकच गोष्ट निघते आणि माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे: गरम करायचं ते भूल द्यायच्या आधी. हातपाय आधीच गरम असले तर आतल्या गरमीला पळून जायला जागाच राहत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी

३६ च्या खाली गेला की त्याला हायपोथर्मिया धरतात. १९९६ मधे २०० पेशंटवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला, सगळी मोठ्या आतड्याची ऑपरेशनं. ज्यांना नीट गरम ठेवलं होतं त्यांच्यात जखमेत इन्फेक्शन ६ टक्के, ज्यांना नव्हतं त्यांच्यात १९ टक्के. कारण सरळ आहे, गार त्वचेत रक्त कमी पोचतं, रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो.

रक्तस्रावही वाढतो, प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, गोठवणारी एन्झाइम मंदावतात. यात एक गंमत अशी की लॅबमधे रक्त ३७ अंशावर तपासतात, त्यामुळे पीटी वगैरे रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि इकडे जखम मात्र झिरपतच राहते. शिवाय औषधं जास्त वेळ टिकतात, व्हेक्युरोनियमसारखं स्नायू सैल करणारं औषध २ अंश थंड पेशंटमधे दुपटीहून जास्त वेळ काम करत राहतं, मग सगळे उभे राहून वाट बघतात की हा उठत का नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांना तर कुडकुडणं झेपतच नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी येऊन म्हणेलच. २०२२ मधे लॅन्सेटमधे ५,००० हून जास्त पेशंटचा अभ्यास आला, त्यात ३५.५ आणि ३७ अशा दोन गटांत मोठ्या त्रासांच्या बाबतीत फरक दिसला नाही. पण याचा अर्थ ब्लोअर कपाटात ठेवा असा नाही, कारण त्यातला थंड गटसुद्धा ३५.५ वर सांभाळलेला होता, वाऱ्यावर सोडलेला नव्हता. मी यातून घेते ते एवढंच की ३६.१ असताना ३७ साठी जीव टाकू नका, पण ३५.५ च्या खाली जाऊ देऊ नका.

१. वॉर्डातच सुरुवात

ओटीत यायच्या तासाभर आधी टेंपरेचर घ्या आणि लिहा. ३६ च्या खाली असेल तर, इमर्जन्सी नसल्यास, आधी गरम करा मग आणा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची गाईडलाइन तर सरळ सांगते की भूल द्यायच्या निदान अर्धा तास आधी गरम करायला सुरुवात करा. अर्धा तास नाहीच मिळाला तर दहा मिनिटं द्या, त्यानेही फरक पडतो, अजिबात न करण्यापेक्षा कितीतरी बरं.

प्रत्यक्षात होतं काय की पेशंट पातळ गाऊन घालून, पायात काही नाही, ओटीच्या बाहेर एसीच्या खाली स्ट्रेचरवर वाट बघत पडलेला असतो आणि आत आधीची केस लांबलेली असते. त्याला विचारलं तर "नाही नाही, ठीक आहे" म्हणतो, घाबरलेला असतो बिचारा. पायाला हात लावून बघा. गार लागला तर तिथेच ब्लँकेट, मोजे, डोक्याला टोपी, आणि प्री-ऑपमधे ब्लोअर असेल तर लगेच लावा. चालत येऊ शकणारा पेशंट चालत आला तरी चांगलंच, चादर मात्र अंगावर हवी.

फक्त घाम फुटेपर्यंत तापवू नका. घामाने त्वचा ओली झाली की तीच नंतर गार पडते, आणि पेशंटही वैतागतो. त्याला बरं वाटतंय ना हे विचारत राहा, जागा आहे तोवर तोच तुमचा सगळ्यात चांगला थर्मामीटर.

२. मोजायचं कुठे

न मोजता गरम करणं म्हणजे अंधारात तीर. भूल अर्ध्या तासाहून जास्त चालणार असेल तर टेंपरेचर लागलंच पाहिजे, आणि निदान दर अर्ध्या तासाला चार्टवर यायला पाहिजे.

श्वासनलिकेत ट्यूब टाकलेल्या पेशंटमधे अन्ननलिकेतला प्रोब (टेंपरेचर मोजायची बारीक वायर) सगळ्यात भरवशाचा, पण तो अन्ननलिकेच्या खालच्या एक तृतीयांश भागात, हृदयाच्या मागे पोचायला हवा. वरच राहिला तर शेजारच्या श्वासनलिकेतून जाणारे गार गॅस त्याला गार दाखवतात. नाकातून घालायचा असेल तर मोठ्या माणसात १० ते २० सेंटीमीटर आत जातो. अंदाजासाठी प्रोब गालावर धरून नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंतचं अंतर बघा, त्याच्या कमी तर नकोच. टोकाला जेली लावा, नाकाच्या तळाला समांतर, सरळ मागे सरकवा, वरच्या दिशेने नाही, अडलं तर जोर न लावता दुसरी नाकपुडी बघा. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची शंका असेल तर नाकाच्या वाटेला जाऊच नका.

मूत्राशयातला प्रोब लघवी चांगली होत असेल तर बरा, कमी असेल तर मागे पडतो, पोटाच्या खालच्या भागाचं ऑपरेशन चालू असेल तर भलतंच दाखवतो. गुदद्वारातलाही मागेच पडतो. काखेतला लहान मुलांमधे, हात अंगाला चिकटवून ठेवला तर चालतो. कपाळावर लांबून रोखायच्या थर्मामीटरवर मी ओटीत भरवसा ठेवत नाही. कपाळावर चिकटवायचा, खालची गरमी अडवून आतलं टेंपरेचर दाखवणारा सेन्सर मिळतो तो वेगळा आणि चांगला, स्पायनलवाल्या (पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केलेल्या) जाग्या पेशंटसाठी तर खास.

प्रोब कुठला आहे तेही चार्टवर लिहा. मधेच जागा बदलली आणि आकडा अर्ध्या अंशाने उडाला तर पुढचा माणूस चक्रावतो.

३. खोली आणि टेबल

एसीवरून ओटीत रोज भांडण. सर्जन गाऊन घालून दिव्याखाली उभे असतात, त्यांना खरंच उकडतं, आणि टेबलावरचा माणूस उघडा असतो. तोडगा असा: पेशंट उघडा आहे तोवर, म्हणजे आत आल्यापासून ड्रेप (निर्जंतुक कापडांनी झाकणं) होईपर्यंत, खोली निदान २१ अंश. ड्रेप झाले, ब्लोअर सुरू झाला, की मग एसीने खोली गार करा, कोणाची हरकत नाही. हे आधी सांगून ठेवलं की सर्जनही ऐकतात, ऐन वेळी रिमोट लपवला की चिडतात.

टेबलावर घेतल्यावर उघडं फक्त तेवढंच करा जेवढं लागतंय. कॅथेटर टाकताना छाती उघडी कशाला? प्रेप करताना, म्हणजे त्वचेला जंतुनाशक लावताना, पाय उघडे कशाला? एका साध्या कोरड्या आवरणाने गरमीचं बाहेर जाणं साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं. पण त्यावर दुसरं तिसरं टाकून फार काही वाढत नाही, म्हणून चार चादरी टाकल्या की काम झालं असं समजू नका. किती चादरी यापेक्षा किती अंग झाकलंय हे महत्त्वाचं.

प्रेपचं द्रावण पाठीखाली ओघळतं, तिथे चादर ओली होते, आणि तीन तास पेशंट त्या ओल्यावर पडून राहतो. ड्रेप करायच्या आधी हात घालून बघा, ओलं असेल तर बदला. स्पिरिटवालं प्रेप असेल तर ओलावा म्हणजे कॉटरीने (विजेने कापायच्या, रक्त थांबवायच्या उपकरणाने) आग लागायचाही धोका, तेव्हा दुहेरी कारण झालं.

४. ब्लोअर, म्हणजे गरम हवेचं ब्लँकेट

हेच मुख्य हत्यार. मशीन हवा गरम करून होजमधून कागदी-प्लॅस्टिकच्या ब्लँकेटमधे सोडतं, आणि ब्लँकेटच्या खालच्या बाजूच्या बारीक भोकांतून ती अंगावर येते. १९८७ मधे बेअर हगर नावाने हे आलं, आणि आता मशीन कुठल्याही कंपनीचं असलं तरी बरेच जण त्याला त्याच नावाने हाक मारतात.

लावायची पद्धत नीट बघा. भोकांची बाजू पेशंटकडे, आणि मधे जाड चादर नको. ऑपरेशन पोटाचं असेल तर वरच्या अंगाचं ब्लँकेट, पसरलेल्या हातांवरून आडवं, छाती-गळ्याच्या ऑपरेशनला खालच्या अंगाचं, पाय वर बांधलेल्या पोझिशनमधे परत वरचं. ऑपरेशनच्या बाजूच्या कडेला चिकटपट्टी असते ती अंगाला पूर्ण चिकटवा, नाहीतर हवा थेट जखमेकडे वाहते आणि सर्जन ओरडतात, बरोबरच ओरडतात. हवा आत सोडायची ती ड्रेप झाल्यावर. होज ब्लँकेटच्या तोंडात पक्का बसवून क्लिप लावा, आणि त्याचं वजन पेशंटच्या अंगावर येऊ देऊ नका. मग हात घालून खात्री करा की ब्लँकेट फुगलंय. दहातल्या पाच "मशीन चालत नाही" तक्रारींमधे कोणीतरी ब्लँकेटवर टेकून उभं असतं किंवा होज ट्रॉलीच्या चाकाखाली दुमडलेला असतो.

बहुतेक मशीनवर तीन सेटिंग असतात, साधारण ३२, ३८ आणि ४३. हायवर सुरू करा, ३६.५ च्या वर गेलं की मधल्यावर आणा, ३७.५ कडे निघालं तर बंद. भूल अर्ध्या तासाहून लांब असेल तर ब्लोअर लावायचाच, त्यापेक्षा छोटी केस असली तरी पेशंट म्हातारा, बारीक किंवा आधीच गार असेल तर लावा.

आणि हे पाठ करा: होज कधीही ब्लँकेटशिवाय नुसता चादरीखाली सरकवायचा नाही. ब्लँकेट संपलेत म्हणून असं करणारे लोक आहेत. सगळी गरम हवा एकाच जागेवर पडते, झोपलेला पेशंट पाय हलवत नाही की ओरडत नाही, आणि संध्याकाळी फोड दिसतो. तसंच टुर्निके (रक्त अडवायला आवळलेला पट्टा) बांधलेल्या हातापायावर किंवा महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) असेल तेव्हा त्याच्या खालच्या भागावर गरम हवा नको, तिथे रक्त फिरत नाही म्हणून गरमी वाहून जात नाही आणि कातडी भाजते.

ब्लँकेट एका पेशंटला एकच. फिल्टर कधी बदलायचा ते मशीनच्या पुस्तिकेत तासांमधे लिहिलेलं असतं.

५. सलाईन आणि रक्त

साधा हिशोब मांडू. ७० किलोच्या माणसाला १ अंश गार व्हायला साधारण ५८ किलोकॅलरी जाव्या लागतात. २० अंशाचं १ लिटर सलाईन आत गेलं की ते ३७ पर्यंत तापवायला शरीराच्या १७ किलोकॅलरी खर्च. म्हणजे एका लिटरला जवळजवळ पाव अंश. चार लिटर गेले तर एक अंश नुसत्या सलाईनने गेला. फ्रीजमधून काढलेली रक्ताची एक पिशवीही जवळपास तेवढंच नुकसान करते.

म्हणून ५०० मिलीपेक्षा जास्त जाणार असेल तर ३७ अंशाला गरम करून द्या, आणि रक्त कायम वॉर्मरमधूनच. वॉर्मर पेशंटच्या शक्य तितका जवळ ठेवा, सलाईन हळू चालू असेल तर लांब नळीतून जाईपर्यंत ते परत गार होतं आणि आपण फक्त वीज जाळतो. एक गैरसमजही काढून टाका, गरम सलाईनने पेशंट गरम होत नाही, फक्त आणखी गार व्हायचा थांबतो. ब्लोअरच्या ऐवजी नाही, ब्लोअरच्या जोडीला.

रक्त मायक्रोवेव्हमधे किंवा गरम पाण्याच्या बादलीत कधीच नाही, लाल पेशी फुटतात. पोट धुवायचं किंवा दुर्बिणीतून सोडायचं पाणी कॅबिनेटमधे ३८ ते ४० अंशाला ठेवलेलं वापरा. प्रोस्टेटच्या ऑपरेशनला लिटरच्या लिटर पाणी जातं, तिथे गार पाण्याने म्हातारे आजोबा बघता बघता थंड पडतात.

आणि कॅबिनेटमधून काढलेली गरम सलाईनची बाटली काखेत किंवा पायाशी ठेवायची नाही. गरम पाण्याने भरलेला ग्लोव्हसुद्धा नाही. दिसायला मायेचं काम, पण ओटीतल्या भाजण्याचं हे जुनं आणि नेहमीचं कारण आहे.

थोडक्यात उरलेलं सामान

खाली घालायची गरम मॅट चालते, पण पाठीच्या ज्या भागावर वजन येतं तिथे रक्त कमी असतं, त्यात वरून गरमी, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या टेंपरेचरच्या वर नेऊ नका आणि एकटीच्या भरवशावर राहू नका. श्वासाच्या सर्किटला एचएमई फिल्टर (श्वासातली गरमी आणि ओलावा राखणारा) लावा, पण श्वासातून जाणारी गरमी एकूणात १० टक्क्यांहून कमी, तेव्हा त्याने फार चमत्कार होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट उघडं नसतं म्हणून पेशंट गरम राहतो असं वाटतं, तसं काही नाही, आत जाणारा गॅस गार आणि कोरडा असतो, तोही पेशंट तेवढाच गार होतो.

स्पायनल असेल तर

इथे सगळे गाफील राहतात. पेशंट जागा आहे, बोलतोय, म्हणजे ठीक असेल! पण कंबरेखाली रक्तवाहिन्या सैलच पडलेल्या असतात, गरमी पायात पसरते, आणि पाय गरम लागत असल्याने पेशंटला स्वतःला गार वाटतच नाही. म्हणून "थंडी वाजतेय का" विचारून चालत नाही, मोजावंच लागतं. सिझेरियनमधे आईला ऑपरेशनच्या आधीपासून गरम ठेवा, आई कुडकुडत असेल तर बाळ छातीवर द्यायलाही अवघड जातं.

लहान बाळं

वजनाच्या मानाने त्वचा जास्त, डोकं मोठं, आणि नवजात बाळ कुडकुडून गरमी तयार करू शकत नाही. त्यामुळे बाळ यायच्या आधीच खोली २६ च्या आसपास तापवा, रेडियंट वॉर्मर चालू, टोपी, हातपाय गुंडाळलेले, प्रेपचं द्रावण कोमट. पण बाळ जितक्या पटकन गार होतं तितक्याच पटकन तापतंही, पूर्ण झाकलेलं बाळ ब्लोअर हायवर ठेवून विसरलात तर ३८ च्या वर जाईल. इथे नजर आकड्यावरच.

टेंपरेचर भराभर वर जातंय, सोबत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, स्नायू कडक लागतायत, तर तो ब्लोअरचा प्रताप समजून गप्प बसू नका. ब्लोअर बंद करा आणि भूलतज्ज्ञांना लगेच सांगा, मॅलिग्नंट हायपरथर्मिया असू शकतो, दुर्मिळ आहे पण जीवघेणा. मूल असो की मोठा माणूस. आणि हृदयाच्या काही ऑपरेशनमधे पेशंटला मुद्दाम थंड करतात, तिथे स्वतःहून काही करू नका.

६. रिकव्हरी

ऑपरेशन संपलं की ड्रेप ओढून काढायची घाई असते आणि पेशंट पुसायला, पट्ट्या लावायला दहा मिनिटं उघडा पडतो. तीन तास सांभाळलेलं दहा मिनिटांत घालवू नका. वरचं ब्लँकेट ठेवून खालून काम करा, ओली चादर काढा, कोरडी घाला.

रिकव्हरीत आल्या आल्या मोजा, मग दर १५ मिनिटांनी. ३६ च्या खाली असेल तर ब्लोअर लावा, बरं वाटेपर्यंत चालू ठेवा. कुडकुडायला लागला तर शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते, टाके दुखतात, बीपी आणि सॅच्युरेशनचं रीडिंगही येत नाही, म्हणून ऑक्सिजन द्या, गरम करा आणि भूलतज्ज्ञांना कळवा, थांबवायला औषधं आहेत. मात्र प्रत्येक कुडकुडणं थंडीचंच नसतं, दुखण्यानेही होतं, तेव्हा तेही विचारा.

३६ झाल्याशिवाय वॉर्डात पाठवायचं नाही. बेड कितीही लागत असला तरी. पाठवताना शेवटचं टेंपरेचर, वेळ आणि कुठे मोजलं हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं लिफ्टपर्यंत टिकत नाही. वॉर्डच्या सिस्टरना सांगा की पोचल्यावर एकदा मोजा, मग दर ४ तासांनी, आणि परत ३६ च्या खाली आलं तर पुन्हा ब्लोअर लावून दर अर्ध्या तासाला.